जवळजवळ नवी

कागदावर तसंच लिहिलं होतं: जवळजवळ नवी.
आठ महिने शोरूमची, चार हजार मैल,
आणि मागच्या सीटवर कुणाचा तरी एक लांब सोनेरी केस.
तो मी खिडकीतून सोडून दिला.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
आमचे अकरा भरले.

बाराव्या दिवशी, सोमवारी, पहाटे पावणेसहाला
हॅलिफॅक्सच्या चढावरच्या आमच्या गल्लीत
काचेवर बर्फाची साय धरली होती.
ब्रेकवर पाय, बटणावर बोट.
टक्.
पुन्हा. टक् टक् टक्.
मनात पाल चुकचुकते म्हणतात,
ही बॉनेटखाली चुकचुकली.
मग समोरचे सगळे दिवे एकदम लागले,
एअरबॅग, टायर, कसला तरी पिवळा पाना,
आणि एकदम गेले.

समोरचा कीथ ड्रेसिंग गाऊनवर जाकीट चढवून आला.
आपल्या एकोणीस वर्षांच्या गाडीला लाल-काळ्या वायरी लावून
बाटलीनं दूध पाजावं तसा
माझ्या नवीला करंट पाजला.
बोलला काहीच नाही.
जाताना आपल्या गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं फक्त.
मला ते उगाच लागलं.

गॅरेजात मात्र ती लगेच सुरू!
शाळेच्या वेळी कळवळणारं पोट
डॉक्टरांच्या दारात ठणठणीत होतं, तशी.
कॅलम नावाच्या मुलानं लॅपटॉप जोडला,
कागद दिला: दोष आढळला नाही.
तीनदा नेली. तीनदा तोच कागद.
तिसऱ्यांदा म्हणाला, अगदी नम्रपणे,
'ब्रेकवर पाय नीट दाबता ना?'

मी हॉस्पिटलात रक्त तपासते. बावीस वर्षं.
रोज असेच कागद छापते:
काही आढळलं नाही, काही आढळलं नाही.
ते हातात घेऊन
कोण कुठल्या जिन्यावर किती वेळ उभं राहत असेल
हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं,
गॅरेजच्या दारात, पावती दुमडताना.

शेवटी कीथनंच विचारलं,
'किल्ली कुठे ठेवतेस?'
दाराच्या आत, खुंटीला.
भिंतीपलीकडे चार फुटांवर गाडी.
तो पहिल्यांदा हसला.
'मग ती झोपणार कशी?
किल्ली जवळ आहे म्हटल्यावर
तिला रात्रभर वाटतं, तू आलीस.
दर वेळी डोळे उघडते. सकाळी उठायला
अंगात काही उरतच नाही.'

संध्याकाळी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला.
झाकणावर चौकड्यांच्या पट्ट्यातला कुत्रा, एक कान खरवडलेला.
'मॉरीनचा. सुईदोऱ्याचा. झाकण घट्ट लाव,
पत्र्यातून हाक जात नाही.'

रात्री पाहिलं तर तळाशी एक अंगुस्तान राहिलेलं.
द्यायला गेले.
त्यानं ते बोटात घालून पाहिलं, बसलं नाही.
'राहू दे,' म्हणाला, 'किल्लीला सोबत.'

आता पहाटे डबा उघडते,
किल्ली अंगुस्तानावर वाजते,
बाहेर गाडी पहिल्या बोटाला उठते,
गाढ झोपून उठल्यासारखी, निर्लज्ज.
जवळजवळ नवी. मीही या गल्लीत तशीच,
बावीस वर्षं झाली तरी.

आणि समोर, वरच्या खिडकीत, दिवा असतो.
पावणेसहा म्हणजे पावणेसहा.
आधी वाटलं, म्हातारपण, झोप लागत नसेल.
मग लक्षात आलं,
माझं इंजिन लागलं
की तो विझतो.